बालकाचे प्रारब्ध आणि आपले क्रियमाण

वारकरी मंडळींत एक वाक्य फार सहज बोलले जाते. कोणाचे लेकरू सदा आजारी असते, हातपाय काडीसारखे, पोट तेवढे पुढे आलेले. शेजारीपाजारी ते पाहतात, चुकचुकतात आणि म्हणतात, "काय करता महाराज, ज्याचं त्याचं प्रारब्ध!" शब्द शास्त्रातला आहे म्हणून त्याला कोणी हटकत नाही. पण शास्त्रातला शब्द भलत्या जागी वापरला की त्याची सबब होते. म्हणून आज आम्ही याच वाक्याचा विचार करणार आहोत. लहान मुलाचा देह खंगला तर त्याचा जाब कोणी द्यायचा? त्या मुलाने, आईबापांनी, शेजारच्या तुम्हीआम्ही, की सरकारने?

प्रथम मुलाचेच पाहू. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींचे आख्यान आहे. ऋषी मौनव्रत धरून बसले असता चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपविला. राजाच्या शिपायांनी ऋषींनाच चोरांचा साथीदार समजून पकडले आणि राजाने सुळावर दिले. पुढे ऋषींनी यमधर्माला गाठून विचारले, "हे कोणत्या कर्माचे फळ?" यमधर्म म्हणाला, "लहानपणी आपण किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होती." ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! त्यांनी धर्मालाच शाप दिला, आणि तो विदुर होऊन जन्मास आला. त्याच वेळी ऋषींनी मर्यादा घालून दिली की, चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीला पातक लागणार नाही. हे आख्यान आपण विदुराच्या जन्मासाठी सांगतो, पण त्यातले मर्म हे आहे. यमाच्या वहीत ज्या वयाचे खातेच नाही, ते खाते तुम्हीआम्ही कोणत्या अधिकाराने उघडतो?

यावर कोणी म्हणेल, "महाराज, ते या जन्मीचं झालं. मागल्या जन्मीच्या कर्माचं काय?" शंका रास्त आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भेद आपण मानतोच. परंतु प्रारब्ध कळते केव्हा? भोग समोर आल्यावर. मुलाला गोवराची लस टोचण्याआधी त्याच्या प्रारब्धात गोवर आहे की नाही हे कोणाला ठाऊक असते? चरकसंहितेच्या विमानस्थानात हीच शंका घेतली आहे. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असेल तर औषध आणि पथ्य कशाला? तिथला निर्णय असा की, आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते. पूर्वीचे कर्म ते दैव, आत्ताचा प्रयत्न तो पुरुषकार.

आता इथे नीट लक्ष द्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत दैव आणि पुरुषकार एकाच देहात नांदतात. तान्ह्या मुलाचे तसे नाही. दैव त्याचे असेलही, पण पुरुषकार त्याच्या हाती नाही. त्याला उठून पाणी घेता येत नाही, काय खावे हे कळत नाही, दुखते कुठे हे सांगता येत नाही. त्याच्या वाट्याचा प्रयत्न देवाने दुसऱ्यांच्या हाती सोपवून त्याला धाडले आहे. तेव्हा आपण ज्याला 'मुलाचे प्रारब्ध' म्हणतो, ते पुष्कळदा आपलेच क्रियमाण असते. फक्त नाव बदललेले.

मग ते कोणाकोणाच्या हाती आहे? आईबाप पहिले. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात त्याला अंगावर घ्यावे, पहिला चीक फेकू नये, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, पुढे दुधाबरोबर मऊ घरचे अन्न सुरू करावे, लसी वेळेवर टोचाव्यात. यात खर्च फारसा नाही, समज लागते. आणि बाळाचे पोषण आईच्या पोटातच सुरू होते, हे सासरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. घरातली पोटुशी सून सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते आणि सासू एकादशीला फराळाची चार ताटे वाढते, असे घर आम्ही पाहिले आहे. तो उपवास कोणाला घडला, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण सगळा भार आईबापांवर टाकून मोकळे होणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. बीडकडची ऊसतोड मंडळी दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीवर टाकून कारखान्याच्या वाटेला लागतात. पहाटेच्या अंधारात आई फडात, बाळ पाचटावर निजलेले, पाणी मिळेल तिथले. त्या आईला समज नाही असे कोण म्हणेल? तिच्याजवळ वेळ नाही, निवारा नाही, गावची अंगणवाडी मागे राहिली. तिथे समज शिकवून काय होणार? तिथे राज्याचे काम सुरू होते.

चरकाच्या त्याच अध्यायात देशच्या देश उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांची कारणे सांगितली आहेत. वायू, जल, भूमी आणि काळ बिघडतात, आणि या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे. देश-नगराचे प्रमुख अधर्माने वागू लागले की तो अधर्म प्रजेत पसरतो. आपल्या राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेदही लोकांचे पोषण व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. त्या वाटेने काम झालेच नाही असे नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. तरीही २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे दर तीन मुलांत एकाहून अधिक! तुकोबारायांच्या घरात दुष्काळात बायको आणि मूल अन्नावाचून गेले, ही कथा ऐकताना आपण डोळे पुसतो. तेव्हा अन्नच नव्हते. आज कोठारे भरलेली आहेत.

तिसरे आपण. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाल्याचे दिसले. कोवळ्या आईचे मूल अशक्त होण्याचा धोका अधिक. त्या मांडवात अक्षता टाकायला कोण होते? आपणच की! २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणाराच नव्हे, तर त्यात सामील होणाराही दंडास पात्र आहे. बुवांनी, टाळकऱ्यांनी आणि गावच्या माळकऱ्यांनी अशा मांडवात पाऊल टाकू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तोच मुख्य. जबाबदारी तिघांची म्हटली की जो तो तिचे तीन हिस्से पाडतो आणि दुसऱ्याच्या हिश्श्याकडे बोट दाखवतो. आईबाप म्हणतात सरकार देत नाही, सरकार म्हणते लोक अडाणी, आणि शेजारी म्हणतो, "आपल्याला काय करायचंय?" याज्ञवल्क्यस्मृतीत अनेक जामिनांचा विचार आहे. काही जामीन आपापल्या हिश्श्यापुरते बांधलेले असतात. काही 'एकच्छायाश्रित', म्हणजे प्रत्येक जण पुऱ्या रकमेला बांधलेला. तिथे धनको वाटेल त्याच्याकडून सगळे वसूल करू शकतो. लेकराचे देणे या दुसऱ्या जातीचे आहे. कारण भुकेचे हिस्से पडत नाहीत. दोघांनी दिले आणि तिसऱ्याने बुडविले, तर लेकरू दोन तृतीयांश जगत नाही.

तिघांनी पुरे देणे भरले की काय होते तेही आपण पाहिले आहे. १९९५ पासून सरकारने पोलिओची मोहीम चालविली, सेविका दारोदार हिंडल्या, आयांनी मुले कडेवर घेऊन केंद्र गाठले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. त्या मुलांचे प्रारब्ध कोणी पालटले? दोन थेंबांनी, आणि ते पाजणाऱ्या हातांनी.

म्हणून ज्याच्या दृष्टीस खंगलेले लेकरू पडेल, त्याने आधी त्याची सोय पाहावी, मग कोणाचे चुकले याचा वाद घालावा. अंगणवाडीत वजन होते की नाही, आहार पोचतो की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे हेही धर्मकार्यच आहे. विठोबाला आपण माउली म्हणतो. माउलीच्या दारी जाताना वाटेत तिचेच लेकरू उपाशी दिसले, तर त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

रामकृष्णहरि.