मुलांचे रोजे आणि डॉक्टरांची जबाबदारी

रमजान महिन्यात वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. सहा-सात वर्षांचे मूल, गळ्यात फुलांचा हार आणि खाली ओळ : चिमुकल्याचा पहिला रोजा पूर्ण. आपण ते कौतुकाने पाहतो. त्या मुलाला दुपारी चक्कर आली असती, तर ती आपल्याला सांगण्याचे धैर्य त्याला झाले असते का, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

बालिग होईपर्यंत मुलावर रोजा फर्ज नाही. आजाऱ्याला सवलत आहे. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोजांचा आदेश आहे, तिथेच अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, त्रास नको, असा खुलासाही आहे. तरीही मुले रोजा धरतात. सारे घर सहरीला उठते, संध्याकाळी दस्तरखान मांडला जातो, तेव्हा आपणही त्यात असावे असे मुलाला वाटणारच. पैगंबरांच्या काळातही आशुराच्या रोजात मुले सामील होत. भुकेने रडू लागली की त्यांना लोकरीची खेळणी देऊन रमवले जाई, अशी हदीस बुखारीत आहे.

प्रश्न बिकट होतो तो आजारी मुलाबाबत. टाइप वन मधुमेह असलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. मैत्रिणी रोजा धरतात, धाकटा भाऊही धरतो. एखादे डॉक्टर ‘अजिबात नाही’ म्हणून विषय संपवतात. मग ती लपून रोजा धरते आणि त्या दिवशी इन्सुलिनचे काय करायचे, हे तिला ठाऊक नसते. दुसरे ‘हा तुमच्या धर्माचा मामला’ म्हणून हात झटकतात. दोन्हीकडे ती एकटीच पडते.

तिसरी वाट अधिक मेहनतीची आहे. डॉक्टरांनी रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी स्वतःहून विषय काढावा, धोका स्पष्ट सांगावा. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन रोजातही बंद करायचे नसते. मात्रा त्यांनीच ठरवून द्यावी. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही सांगावे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडायचा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या रमजानविषयक मार्गदर्शनातही याच मर्यादा आहेत.

धोका ठाऊक असताना मदत करणे म्हणजे धोक्याला हातभार लावणे, असे कुणी म्हणेल. आक्षेप हलका नाही. ज्या मुलाची साखर वारंवार घसरते, त्याला डॉक्टरांनी ‘नाही’च म्हटले पाहिजे. पण ज्याने आधी आपले ऐकून घेतले, त्याचाच नकार मूल मानते, असे आम्हांला वाटते.

डॉक्टर कितीही चांगले असोत, दुपारी तीन वाजता मुलाजवळ असतो आपण. त्याने पाणी मागितले तर चेहरा न पाडता ते द्यायचे आणि संध्याकाळी इफ्तारला त्याला इतरांइतक्याच मानाने शेजारी बसवायचे. एवढे आपल्याला जमले, तर ते मूल आपल्यापासून त्रास लपवणार नाही.