साध्य लिहिलंस, सिद्धता कुठाय?

बस असा समोर. फोन पालथा ठेव. आता मी बोलणार आणि तू ऐकणार.

परवा तू मला आग्रहानं जेवायला बोलावलंस. त्याचा आनंदच झाला. पण जेवण कसलं? पन्नास मिनिटांनी दारात डबे आले. नान वातड झालेले. पनीर आणि चिकन, दोन्ही त्याच केशरी, गोडसर रश्श्यात. भात गार. ते ताटात वाढत तू सुस्कारा टाकलास आणि म्हणालास, "काय करणार बाई, टार्नीटला चांगलं इंडियन मिळतच नाही. खायचं तर सिटीत जावं लागतं."

तेव्हा मी पाहुणी होते, गप्प बसले. आज पाहुणी नाही.

मी तुला आठवी ते दहावी भूमिती शिकवली. पक्ष, साध्य, सिद्धता. आठवतंय ना? 'टार्नीटला चांगलं मिळत नाही' हे झालं तुझं साध्य. सिद्धता दाखव. किती ठिकाणी गेलास? मागे एकदा हेच विचारलं तेव्हा तू बोटं मोजायला लागलास आणि तिसऱ्या बोटावर अडकलास. त्या तिनांपैकी दोन ठिकाणी तर तू पाऊलही ठेवलेलं नाहीस, नुसते डबे मागवलेस. म्हणजे पाच वर्षांत एक ठिकाण. आणि निकाल दिलास अख्ख्या गावाचा! पेपरात असं लिहिलं असतंस तर मी शून्य दिलं असतं आणि तू ते निमूट घेतलं असतंस, कारण चूक कुठे आहे हे तुला कळायचं. आजही कळतं. म्हणून तर चीड येते.

ज्या गावात घर घेतलंस ते गाव कसलं आहे, ठाऊक तरी आहे का? मेलबर्नच्या पश्चिमेला पंचवीस किलोमीटरवरची ही माळरानाची जमीन. रेल्वे स्टेशन झालं २०१५ साली. २०१६च्या जनगणनेत टार्नीटची वस्ती ३४ हजारांच्या पुढे होती, २०२१ला ५६ हजारांवर गेली. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांत इंग्रजीखालोखाल पंजाबी. शेजारी ट्रुगनिना, हॉपर्स क्रॉसिंग, वेरिबी. सगळा विंडम कौन्सिलचा पट्टाच आपल्या माणसांनी भरलेला. तेलुगू आहेत, गुजराती आहेत, मल्याळी आहेत, आणि तुझ्यासारखे मराठीही आहेत. एवढ्या माणसांत चांगलं शिजवणारं कुणीच नाही? हे तुला पटतं? की पटवून घेणं सोयीचं आहे?

मान्य, वाढत्या गावात हॉटेलं उशिरा येतात. आधी घरं, मग रस्ते, मग शाळा, मग दवाखाने, आणि जेवणाची चांगली जागा सगळ्यात शेवटी. आली तरी ती दिसत नाही. गाळ्यांची एक रांग, सगळ्यांची तोंडं सारखी, एका बाजूला दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला केस कापणारा आणि मधे हॉटेल. बाहेरून काही कळत नाही. म्हणून तर दार ढकलून आत जावं लागतं. तू गेलास का?

नाही गेलास. तू फोन काढलास. चार पॉइंट सहा स्टार बघितले आणि ऑर्डर दिलीस. दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस पाणी पिणार आहेस? ते स्टार कुणी दिले? केव्हा दिले? दोन वर्षांपूर्वीचे असतील तर तेव्हाचा मालक आज आहे का? तेव्हाचा आचारी आहे का? हॉटेलची चव आचाऱ्याच्या हातात असते. तो दुसरीकडे गेला की पाटी तीच राहते, चव निघून जाते. तू आयटीतला माणूस. कामावर दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर निर्णय घेतोस का? मग पोटाच्या बाबतीत अक्कल गहाण का टाकतोस? परीक्षण वाचायचंच असेल तर आकडा सोड, तारीख बघ. कुणी कुठल्या पदार्थाचं नाव घेऊन लिहिलंय ते बघ. "फूड वॉज गुड" लिहिणाऱ्यावर विसंबून जेवायला जाऊ नकोस.

आता त्या एका ठिकाणाचं, जिथे तू खरोखर गेलास. काय मागवलंस? डोसा. हॉटेल कुणाचं? पंजाब्याचं. दारात शिरताच तंदुराची धग लागते, शेजारच्या टेबलावर सरदारजी कुलचे मोडतायत, आणि तू डोसा मागतोस! तो चिवट निघाला म्हणून तू त्या माणसाला कायमचा बाद केलास. चूक त्याची की तुझी? 'इंडियन' असा काही एक पदार्थ नसतो, हे मी तुला सांगायचं? पंजाब्याकडे छोले-भटुरे मागावेत, तंदुरातलं मागावं. हैदराबादवाल्याकडे बिर्याणी मागावी, आंध्रवाल्याकडे गोंगुरा. मल्याळ्याकडे अप्पम आणि स्ट्यू. शहराच्या दुसऱ्या टोकाला कॅरम डाउन्सच्या शिवविष्णू मंदिरात जाऊन आलास की तिथल्या कँटीनमधल्या डोशाचं आठवडाभर कौतुक करतोस. तो का चांगला लागतो, याचा कधी विचार केलास? करणाऱ्याचा हात त्या पिठात मुरलेला असतो.

मेन्यूही तुला वाचता येत नाही. येत नाही कसलं, वाचायचा कंटाळा करतोस. सहा पानांवर एकशे वीस पदार्थ असतील तर मागे भटारखान्यात काय चाललं असेल? एक आचारी, दोन मदतनीस. ते एकशे वीस भाज्या वेगवेगळ्या शिजवूच शकत नाहीत. टोमॅटो-लोण्याची लाल ग्रेव्ही, कांद्याची तपकिरी, काजूची पांढरी, पालकाची हिरवी. सकाळीच हे टोप भरून ठेवलेले असतात. तुझी ऑर्डर आली की पळी-दोन पळ्या एकत्र करायच्या, त्यात पनीर किंवा चिकन टाकायचं, झाला नवा पदार्थ. यात लबाडी नाही, धंद्याची सोय आहे, आणि टोप ताजा असेल तर चांगलंही लागतं. पण पाच वर्षं सगळं एकाच चवीचं लागतंय आणि तुला कारण कळू नये? लाल ग्रेव्हीत तिखट ढवळून 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून आलं आणि तू मुकाट्यानं खाल्लंस. कऱ्हाडचा पोरगा तू. कोल्हापूर दीड तासावर. लाज नाही वाटली?

छोटा मेन्यू असलेली जागा शोध. भिंतीवर कागद चिकटवून हातानं लिहिलेले शनिवार-रविवारचे पदार्थ शोध. ज्या भाषेतला पदार्थ, त्या भाषेत टेबलांवर गप्पा चालल्यात का, ते कान देऊन ऐक. मालकाची मुलं कोपऱ्यात बसून काय खातायत ते बघ.

आणि डबेच मागवायचे असतील तर काय मागवावं याचा तरी विचार कर. नान तंदुरातून निघाल्यावर काही मिनिटांत खायचा असतो. भटुरा फुगलेला असतानाच खायचा. डोसा तव्यावरून ताटात. हे तिन्ही तू बंद डब्यात घालून पाऊण तास फिरवलेस आणि वातड झाले म्हणून हॉटेलला नावं ठेवलीस. बिर्याणी टिकते, डाळ टिकते, राजमा तर थोडा मुरला की आणखी चांगला लागतो. तुझ्या आईनं प्रवासाला दशम्या दिल्या, थालीपिठं दिली. टम्म फुगलेल्या पुऱ्या कधी दिल्या का? घरात शिकलेलं कुठे सांडलंस?

आणखी एक. ऑर्डर घेणारा पोऱ्या विचारतो, "माइल्ड, मीडियम की हॉट?" तू म्हणतोस "मीडियम". दरवेळी. मग जेवताना म्हणतोस, "मिळमिळीत होतं." अरे, मागितलंस तेच मिळालं! त्याच्या डोळ्यांसमोर रोजचं गिऱ्हाईक आहे. त्यात तिखटाला घाबरणारी माणसंही आहेत. तू कोण, कुठला, तुला कसं हवं, हे त्याला स्वप्नात दिसणार आहे का? तोंड उघडून सांगायला काय होतं? "घरी करता तसं करा, फोडणी नीट द्या, साखर नको." तीन वाक्यं. ऑफिसात गोऱ्या साहेबासमोर तासभर प्रेझेंटेशन देतोस आणि आपल्याच आचाऱ्याशी बोलायला जीभ टाळ्याला चिकटते?

"वेळ नाही बाई." टीव्ही घेताना तीन आठवडे दुकानं पालथी घातलीस, तेव्हा वेळ होता. "मुलं कंटाळतात." मुलं तुझा कंटाळा बघून कंटाळतात. "महाग पडतं." आणि घरपोच डब्यांना काय सूट मिळते? "रविवारी दहा टक्के जास्त लावतात." मग शनिवारी जा. सोमवारी-मंगळवारी बऱ्याच जागा बंद असतात, तेवढं आधी फोन करून विचार. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तुझी विघ्नं तर सतराही भरत नाहीत.

कऱ्हाडहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलास तेव्हा खिशात पैसे नव्हते, फोन नव्हता, ओळखीचं कुत्रं नव्हतं. तरी पंधरा दिवसांत कुठल्या खानावळीत आमटी दुसऱ्यांदा वाढतात, कुठे पोळ्या गरम मिळतात, रविवारी दुपारची फीस्ट कुणाची चांगली, रात्री सगळं बंद म्हणून वडापावची गाडी कुठली, सगळं तुला पाठ होतं. सुट्टीत येऊन मलाच सांगायचास. तो पोरगा कुठे गेला? तेव्हा कसं शोधलंस? विचारून. पायी फिरून. दोनदा फसून. तिसऱ्यांदा पुन्हा जाऊन. तीच रीत इथेही आहे. किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईला विचार, तुम्ही घरच्यांना घेऊन कुठे जाता? ट्रक चालवणाऱ्या शेजाऱ्याला विचार, रात्रपाळीहून येताना तो कुठे थांबतो ते. गुरुद्वारात लंगराला जाऊन बस, जेव, पंगतीतल्या माणसांशी बोल. दारापासून पाच मिनिटांवर ही माणसं आहेत आणि तू परक्यांचे स्टार मोजत बसलायस. काखेत कळसा, गावाला वळसा.

घरगुती डबे देणाऱ्या बायकाही आहेत. तिथेही डोळे मिटून जाऊ नकोस. व्हिक्टोरियात १९८४चा फूड ॲक्ट आहे. घरच्या ओट्यावर रांधून विकायचं तर त्यांना कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, सरळ विचार. असलेली बाई अभिमानानं सांगेल. अशा बाईकडे पुरणपोळी मिळाली तर दोन घे, पैसे वेळेवर दे आणि चार जणांना सांग.

कारण खरा राग मला इथेच आहे. तुला चांगलं हवंय, पण चांगलं टिकावं म्हणून तू काहीच करत नाहीस. घरपोच देणारी कंपनी हॉटेलवाल्याच्या बिलातून तीस टक्क्यांपर्यंत कापून घेते, हे तुला माहीत आहे. त्याचं भाडं थांबत नाही, पगार थांबत नाहीत. असा एखादा माणूस धीर करून आपल्या गावची चव मांडतो, पहिले सहा महिने गिऱ्हाइकाची वाट बघतो, आणि शेवटी तोही एकशे वीस पदार्थांचा मेन्यू छापतो किंवा शटर ओढतो. मग तू म्हणतोस, "बघा, मी सांगत होतो ना, इथे काही नाही." तू त्याच्याकडे एकदा तरी जेवलास का? पदार्थ बिघडला तेव्हा आत जाऊन सांगितलंस का? चांगला झाला तेव्हा आचाऱ्याला बाहेर बोलावून हात मिळवलास? तुझी तक्रार माझ्यापर्यंत पोचली, बायकोपर्यंत पोचली, मित्रांपर्यंत पोचली. ज्याच्या हातात पळी आहे त्याच्यापर्यंत मात्र नाही.

तुझी लेक आठ वर्षांची. परवा तिनं मला विचारलं, "आजी, इंडियन फूड ऑरेंजच असतं ना?" तू हसलास. मला हसू आलं नाही. तिला झणझणीत रस्सा ठाऊक नाही, सोलकढी ठाऊक नाही. भटुरा फुटल्यावर निघणारी वाफ तिनं बघितलेली नाही. तिची सख्खी आजी कऱ्हाडात, आणि इथे चव दाखवणारा तू एकटाच. तिच्या जिभेवर तू पाच वर्षं एकच केशरी रंग फासलास, आणि दोष टार्नीटला देतोस.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी हॉपर्स क्रॉसिंगहून निघते. दहाच्या आत तुझ्या दारात असेन. लेकीला तयार ठेव, नाश्ता कुणी करायचा नाही. जागा तू शोधायचीस, माणसांना विचारून. आज मंगळवार आहे. चार दिवस आहेत तुझ्या हातात.