हरलेल्या बैलाचे काय?

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आपल्या घरोघरी गोठा उभा राहतो. पेंढ्याचे छप्पर, गव्हाण, बाळयेशू, मरिया माता, संत योसेफ, मेंढपाळ आणि एका कोपऱ्यात बैल व गाढव. शुभवर्तमान उघडून पाहिले तर संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, बैलाचा मात्र करीत नाही. आपल्या गोठ्यातील बैल आला आहे तो यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून. त्या ग्रंथाच्या आरंभीच परमेश्वराने आपल्या प्रजेची तुलना बैलाशी केली आहे आणि त्या तुलनेत प्रजाच उणी ठरली आहे. आपला धनी कोण, हे मुक्या जनावराला उमगते. माणसाला उमगत नाही.

ज्या दिवसांत आपण हा मातीचा बैल गव्हाणीजवळ ठेवतो, त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, पुसेगावी, सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. खिलार जनावरांचा मोठा बाजार तेथे असतो आणि बैलगाड्यांच्या शर्यतीही होतात. उंच, पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे ते देखणे खोंड पाहताना कोणाचीही नजर ठरते. मग माळावर हलके छकडे जुंपले जातात, निशाण पडते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे संपते. विजयी जोडीवर गुलाल उधळला जातो. बक्षीस म्हणून कोठे रोख रक्कम, कोठे मोटारसायकल, तर कोठे ट्रॅक्टर किंवा जीप दिली जाते. ज्या यंत्राने बैलाचे शेतातील काम काढून घेतले, तेच यंत्र त्याच्या धावण्याचे पारितोषिक ठरावे, हा काळाचा विलक्षण खेळ आहे.

या शर्यती बरीच वर्षे बंद होत्या. २०११ साली केंद्र शासनाने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, झरे येथे, बंदी मोडून शर्यत भरविण्यात आली, तेव्हा हा प्रश्न किती धुमसत होता हे साऱ्या राज्याने पाहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्त कायदा वैध ठरविला. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी, धावेच्या अंतरावर मर्यादा, काठी, चाबूक व विजेचा धक्का देणारी साधने यांना मनाई, अशा अटी आता लागू आहेत.

न्यायालयाचा प्रश्न संपला. आपला प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. जे कायदेशीर आहे ते सर्व हितकर असतेच असे नाही, हे संत पौलाने करिंथकरांना फार पूर्वी बजावले आहे. बैल पळवावा की न पळवावा, याचा विचार अनुमतीच्या कागदावर संपत नाही.

प्रथम बैलमालकाची बाजू प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथील कोरड्या माळावर खिलार जात घडली. आटपाडी महाल आणि म्हसवड ही नावे त्या जातीच्या प्रकारांनाच चिकटली आहेत. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली आणि खिलार बैलाला शेतात काम उरले नाही. शर्यत नसेल तर हा बैल पाळायचा कशासाठी, असा मालकाचा सवाल आहे. तो आणखीही एक गोष्ट विचारतो. कृष्णाकाठी ऊसतोडणीच्या हंगामात टनावारी ऊस लादलेली बैलगाडी कारखान्याकडे जाताना तुम्ही पाहत नाही काय? चढावर गुडघे टेकणारा तो बैल तुम्हांला दिसत नाही आणि उत्तम खुराक खाऊन, रोज मालिश करून घेऊन, मिनिटभर धावणाऱ्या बैलाचीच तुम्हांला दया येते? आपल्या चहातील साखर गोड लागते तोवर या प्रश्नाला उत्तर देताना आपण थोडे नम्र असावे, हे बरे.

तरीही दुसरी बाजू खोटी ठरत नाही. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी नाही. तो ओढण्यासाठी घडला आहे, भरधाव पळण्यासाठी नव्हे. तो वेगाने पळतो तेव्हा पुष्कळदा भीतीने पळतो, आणि ही भीती निर्माण करण्याचे उपाय काही थोडके नाहीत. शेपटी पिरगाळणे, आर टोचणे, बॅटरीचा धक्का देणे, या गोष्टी न्यायालयासमोर पुराव्यानिशी आल्या होत्या. नियमांनी त्या निषिद्ध केल्या. परंतु ज्या धावेवर लाखोंचे बक्षीस लागलेले असते, त्या धावेत गाडीवानाच्या मुठीत काय आहे, हे धुळीच्या लोटात कोणाला दिसणार?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत एकांगी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार माणसाने प्राण्यांना कामासाठी व विरंगुळ्यासाठीही जवळ बाळगण्यास हरकत नाही. परंतु त्यांना विनाकारण वेदना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, असे तो ग्रंथ सांगतो. येथे ‘माणसाच्या’ हा शब्द महत्त्वाचा. घटनापीठानेही प्राण्यांना मूलभूत हक्क देण्यास राज्यघटनेत आधार आढळत नाही, असे मत नोंदविले. पण बैलाला हक्क नसला म्हणून माणसाचे कर्तव्य नाहीसे होत नाही. आसूड बैलाच्या पाठीवर उमटतो, तसा तो मारणाऱ्याच्या मनावरही उमटतो. प्राण्यांशी निर्दय वागणारा माणूस पुढे माणसांशीही निर्दय वागू लागतो, हे संत थॉमस अक्वायनस यांनी सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते. तोच धर्मशिक्षण ग्रंथ आणखी एक तोल सांभाळतो. जो पैसा माणसाचे दुःख निवारण्यासाठी आधी खर्चायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही त्याला मान्य नाही. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या गावात एका धावेसाठी जीप बक्षीस लागते तेव्हा हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आणि बंदीने काय साधते, याचाही अनुभव ख्रिस्तसभेला आहे. १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी बैलझुंजींवर कडक बंदी घातली. असे खेळ भरू देणाऱ्या राजांना त्यांनी बहिष्काराची शिक्षा सांगितली. अवघ्या आठ वर्षांत, १५७५ साली, पोप ग्रेगरी तेरावे यांना सामान्य प्रापंचिकांपुरती ती बंदी सैल करावी लागली. स्पेनमध्ये बैलझुंज पुढे शतकानुशतके चालू राहिली. हुकूम आला आणि गेला. लोकांचे मन जेथल्या तेथे राहिले. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत आपल्याकडे वेगळे काय झाले?

तेव्हा खेळाचे भवितव्य खरोखर कशावर ठरते? थोडे दूर, ब्रिटनकडे पाहू. तेथे स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत आहे. खडीच्या भुग्याच्या अंडाकृती पट्टीवर चार स्वार चार फेऱ्या मारतात. गाडीला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतात. १९२८ साली लंडनजवळ हाय बीच येथे झालेल्या शर्यतीपासून हा खेळ त्या देशात रुजला. १९८१ साली वेम्बलीच्या मैदानावर जागतिक अंतिम शर्यत पाहण्यास नव्वद हजारांच्या आसपास लोक जमले होते. आज तो खेळ क्षीण झाला आहे. कोव्हेंट्रीची धावपट्टी २०१६ नंतर मुकी झाली, स्विंडनची २०१९ नंतर, पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथील २०२३ नंतर. कोणत्याही न्यायालयाने बंदी घातली नव्हती. जमिनीचे भाव वाढले, मैदाने दुसऱ्यांच्या मालकीची होती, प्रेक्षक विरळ होत गेले. म्हणजे परवानगी असूनही खेळ मावळू शकतो. आणि पुसेगावच्या माळावरची आजची गर्दी हीदेखील कायमची ठेव नव्हे.

या दोन शर्यतींत एक मूलभूत अंतर आहे. ब्रेक नसलेल्या गाडीवर बसणारा स्वार स्वतःच्या इच्छेने बसतो. हाड मोडले तर ते त्याने पत्करलेले असते. बैलाला कोणी विचारलेले नसते. पण मला त्या मावळत्या खेळातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. जखमी होऊन मैदानाबाहेर पडलेल्या स्वारांसाठी तेथे एक साहाय्य निधी आहे. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्यालाही तो खेळ वाऱ्यावर सोडीत नाही. मग ज्याने स्वेच्छेने काहीच पत्करलेले नाही, त्याच्यासाठी आपल्या शर्यतीत काय तरतूद आहे?

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. विजयी बैलाची काळजी सगळेच घेतात. त्याची किंमत लाखांत जाते, त्याचे फलक चौकात लागतात, बेंदराला त्याची मिरवणूक निघते. त्याच्यावरील प्रेम खरे की त्याच्या किमतीवरील, हे त्या दिवशी ओळखता येत नाही. ते ओळखता येते हरलेल्या बैलापाशी. पाय मुरगळलेला, दम तुटलेला, वयाने थकलेला बैल दावणीला राहतो की नाही? २०१५ पासून महाराष्ट्रात गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे निकामी बैल उघडपणे विकण्याची वाट बंद झाली. पण त्याला जन्मभर पोसण्याचे बळ प्रत्येक मालकाच्या अंगी आले, असे नव्हे. वैरणीचा भाव पाहता लहान शेतकऱ्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. जत्रेचा आनंद साऱ्या गावाचा असेल, तर त्या बैलाच्या म्हातारपणाचा भार एकट्या मालकाचा का?

जुन्या करारात बैलासंबंधी दोन आज्ञा आहेत आणि त्या दोन्ही मला याच प्रश्नाची उत्तरे वाटतात. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, अशी एक. शब्बाथाच्या दिवशी बैलालाही विसावा मिळावा, अशी दुसरी. कष्टात ज्याचा वाटा आहे, त्याचा धान्यातही वाटा आहे आणि विश्रांतीतही आहे. बैलाकडून काम घेऊ नका, असे परमेश्वर म्हणत नाही. कामापुरताच बैल आपला समजू नका, असे तो म्हणतो.

ही आज्ञा आजच्या जत्रेला लावायची तर फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. प्रत्येक शर्यतीच्या प्रवेशशुल्कातून आणि बक्षिसाच्या रकमेतून ठरावीक हिस्सा बाजूला काढावा व त्यातून थकलेल्या, जायबंदी बैलांच्या वैरणीची आणि औषधाची सोय व्हावी. जो मालक आपला म्हातारा बैल दावणीला बाळगतो, त्याचा सत्कार विजेत्याच्या आधी व्हावा. गाडीवानाच्या मुठीतील आर शोधण्याचे काम पोलिसांवर न सोडता, ती दिसताच जोडी बाद करण्याचा आग्रह प्रेक्षकांनी धरावा. एवढेही जमत नसेल, तर आपले बैलावर प्रेम आहे हे विधान आपण मागे घ्यावे आणि शर्यतही थांबवावी. ज्या खेळाजवळ हरलेल्यासाठी जागा नाही, त्याला परंपरेचे नाव देऊन वाचविता येणार नाही.

हे जमण्यासारखे आहे, असे मी म्हणतो त्याला आधार आहे. २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात माण व आटपाडीच्या पट्ट्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. घरदार मागे ठेवून माणसे जनावरांसोबत महिनोन्महिने छावणीत राहिली. तेथे शर्यत नव्हती, गुलाल नव्हता, बक्षीस नव्हते. त्या बैलांपासून मिळण्यासारखे काही उरले नव्हते, तरी रात्री उठून त्यांच्यापुढे वैरण टाकणारे हात होते. खिलार जातीचे खरे रक्षण तेथे झाले. या मुलखातील माणसाला बैलावर प्रेम कसे करावे हे कोणी शिकवायला नको. माळावरच्या गर्दीत त्याला छावणीची आठवण तेवढी राहिली पाहिजे.

येत्या नाताळात गोठा मांडताना मुले आपल्याला विचारतील, हा बैल येथे काय करतो? तो पळत नाही, ओढत नाही, काही जिंकतही नाही. तो नुसता बसलेला आहे, आणि बाळयेशूच्या गव्हाणीजवळ त्याला जागा आहे.