कठोर, पण कोणाशी?

सप्टेंबर २०२४मध्ये बदलापूरच्या बाल लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हा पेढे वाटले गेले, फटाके फुटले. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली होती. ती चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२मध्ये काढला, पण तोवर फुलं उधळणारे पांगले होते. असं काही घडलं की जुन्या पिढीतला कोणीतरी ज्युलिओ रिबेरोंचा दाखला देतो : गोळीला गोळीने उत्तर देणारे तसे अधिकारी आता राहिले नाहीत. या दाखल्याची मला मनापासून चीड येते. एका मोठ्या माणसाचं आयुष्य त्यात एका घोषणेपुरतं उरतं, आणि ती घोषणा तर त्यांची स्वतःची नाहीच. एका मंत्र्याच्या तोंडचे शब्द आपल्याला चिकटले, हे रिबेरोंनी वारंवार सांगितलं आहे. पुढे आत्मचरित्रालाही तेच नाव मिळालं आणि चिकटलेलं कायमचं राहिलं.

मूळ गोव्याचं घराणं, जन्म १९२९चा, मुंबईतला. १९५३मध्ये पोलीस सेवेत आलेले रिबेरो १९८२मध्ये मुंबईचे आयुक्त झाले. नंतर गुजरात, केंद्रीय राखीव पोलीस दल, १९८६मध्ये पंजाब, १९८७मध्ये पद्मभूषण आणि पुढे रुमानियात राजदूत. ऑक्टोबर १९८६मध्ये जालंधरला पोलिसांचाच गणवेश घातलेल्या अतिरेक्यांनी त्यांच्यावर हल्ला केला, त्यात पत्नीही जखमी झाल्या. ऑगस्ट १९९१मध्ये बुखारेस्टच्या रस्त्यावर पुन्हा गोळ्या झेलल्या. या धैर्याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यावरून काय सिद्ध करायचं, हा आहे.

पंजाब गोळीने शांत झाला, असं म्हणणाऱ्यांनी आधी सनावळी पाहावी. रिबेरोंच्या काळात दहशतवाद संपला नाही. तो शिगेला पोहोचला १९९०-९१मध्ये आणि ओसरला त्यानंतर. तो ओसरण्यात पोलिसी कारवाईचा मोठा वाटा होता, हे मान्य. पण ज्या शेतकरी घरांमधून अतिरेकी झालेली पोरं निघाली होती, त्याच घरांना खंडणी आणि अत्याचार असह्य झाले आणि त्यांनी दार लावून घेतलं, याचाही होता. आणि किंमत? एकट्या अमृतसर जिल्ह्यातले दोन हजारांहून अधिक बेकायदा अंत्यसंस्कार सीबीआयच्या तपासात नोंदले गेले. ते उघडकीला आणणारे जसवंतसिंग खालडा १९९५मध्ये घरासमोरून उचलले गेले, ते परतले नाहीत. त्यासाठी पोलिसांनाच शिक्षा झाली. रिबेरोंच्या कारकिर्दीतही खोट्या चकमकींचे आरोप झाले होते, ते मी झाकत नाही.

याच पंजाबातली सर्वांत चोख पोलिसी कामगिरी मात्र गोळीपेक्षा संयमाची होती. मे १९८८, ऑपरेशन ब्लॅक थंडर. के. पी. एस. गिल पोलीसप्रमुख होते आणि रिबेरो राज्यपालांचे सल्लागार. चार वर्षांपूर्वी अतिरेक्यांना बाहेर काढायला सुवर्णमंदिरात रणगाडे घुसले होते. या वेळी मोक्याच्या जागी नेमबाज बसवले, सुवर्णमंदिर परिसराचं पाणी आणि वीज तोडली, पत्रकारांना कॅमेऱ्यांसह बोलावलं आणि वाट पाहिली. अतिरेकी हात वर करून बाहेर आले, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. गोळीचे भक्त या प्रसंगाचं नाव कधी घेत नाहीत.

दुसऱ्या टोकाला, पोलीस म्हणजे सत्तेचा दंडुका, एवढंच म्हणून मोकळे होणारेही आहेत. दंगलीच्या रात्री ते कोणाला फोन करतात, एवढंच त्यांना विचारावं.

मला कठोरपणाचं वावडं नाही. पण तो कोणत्या दिशेने आहे, हे पाहावं लागतं. खालच्यावर कठोर होणं सोपं असतं. बेड्या घातलेला आरोपी खालचा आणि एका परीने हाताखालचा शिपाईही खालचाच. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं, पुढे कित्येकांना बडतर्फ केलं गेलं. आयुक्त रिबेरोच होते. शिस्त राखणं भाग होतं, पण शिपायांच्या तक्रारी खऱ्या होत्या. तो कठोरपणा मी त्यांच्या मोठेपणात धरत नाही.

मी धरतो तो वरच्यांशी असलेला कठोरपणा. मुंबईच्या दंगलीनंतर वस्त्यांमध्ये मोहल्ला समित्या बांधणारे रिबेरो, आपण आपल्याच देशात परके ठरलो की काय असं २०१५मध्ये उघड लिहिणारे रिबेरो, आणि २०२०मध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी, दिल्ली दंगलीचा तपास एकतर्फी का, असं दिल्लीच्या आयुक्तांना पत्राने विचारणारे रिबेरो. निवृत्त माणसाला हे परवडतं, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. सेवेत असताना हे का परवडत नाही?

मालेगावच्या तपासावरून हेमंत करकरेंवर राजकारण्यांनी आरोपांची झोड उठवली होती. २६/११च्या थोडंच आधी ते रिबेरोंना भेटायला आले होते आणि व्यथित होते, असं रिबेरोंनी लिहिलं आहे. दहशतवादविरोधी पथकाचा प्रमुख, हाती चालू तपास, आणि मन मोकळं करायला एक निवृत्त वडीलधारा. खात्यात त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी एकही चौकट नव्हती. ती असावी, असं धर्मवीरांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७७ ते १९८१ या काळात सांगून ठेवलं होतं. १९९८मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष म्हणून रिबेरोंनी त्याचाच पाठपुरावा केला. २००६मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेशच दिला : प्रमुख पदांना किमान दोन वर्षं, राज्य सुरक्षा आयोग, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४मध्ये कायदा बदलला, कागदावर हे सगळं आलं. तरीही मुदतीआधी होणाऱ्या बदल्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यांची कारणंसुद्धा कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी कोणा अधिकाऱ्याच्या शौर्याचे फलक लागतील, तेव्हा त्याने किती जणांना गोळी घातली हे विचारू नये. मंत्रालयातून आलेला कोणता फोन त्याने ऐकला नाही आणि त्यानंतर त्याची बदली कुठे झाली, हे विचारावं.