ठरल्यालं, पण खोटं न्हवं

केबलची वायर लिंबाच्या झाडावरून ओढून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या सोप्यात अंडरटेकर आला. काळा कोट, काळी टोपी, डोळ्यांची बुबुळं वर चढवलेली. आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्ये मेलं अंगात आल्यावानी का करतंय?" आम्ही पोरं मात्र त्याच्यावर जीव ओवाळून टाकायला तयार होतो. शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे. उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा त्याचा डाव. योकोझुनाचा पत्ता वजनाला कुणालाच ऐकायचा नाही. पाढे पाठ नव्हते, पण हल्क होगनचा दंड किती इंचाचा हे झोपेत सांगितलं असतं.

आबा, म्हणजे माझे आजोबा, जुने पैलवान. दोन्ही कान मोडून गड्ड्यासारखे झालेले. उमेदीची पंधरा वर्षं त्यांनी तालमीच्या मातीत घातली होती. ते टीव्हीकडे पाठ करून तंबाखू मळत बसायचे. एका रात्री मात्र वळून बसले. ब्रेट हार्टची कुस्ती चालली होती. आबांनी पाच-दहा मिनिटं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "वरचा मारत न्हाई रं. खालचा पडतोय."

मला एवढा राग आला की बोलायची सोय नाही.

"आबा, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"पडायला कळतंय की. आमी आदी पडायलाच शिकलो."

मग माझा गळा दाटून आला. "म्हंजे सगळं खोटं हाय?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "खोटं न्हवं. ठरल्यालं हाय."

"मग फरक काय?"

"तेवढ्या उचावनं तू पडून दाव. मग सांगतो."

त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. मी अजून त्या कुस्त्या बघतो. पोरं मोठी झाली, बायको हसते, पण सवय सुटली नाही. आणि आबांचा तो फरकही अजून पुरता सुटलेला नाही.

शहाण्या माणसाचा प्रश्न साधा असतो. निकाल आधीच ठरलाय, तर बघायचं काय? पण मग वगातला राजा तरी कुठं खरा असतो? सकाळी तोच राजा बिडी मागत फिरतो, म्हणून रात्री फसलो असं कुणी म्हणत नाही. निकाल का ठरवावा लागतो, त्याचंही कारण आहे. खरी कुस्ती तिकीट काढून आलेल्या माणसाचा विचार करत नाही. 1910 साली लंडनमध्ये गामा आणि झिबिस्को लढले. झिबिस्को खाली पालथा पडून राहिला, गामाला तो काही उलटा होईना. अडीच तासांवर वेळ गेला आणि निकाल लागला नाही. 1928 साली पतियाळ्यात तेच दोघं परत भिडले, तर मिनिटाच्या आत गामानं त्याला अस्मान दाखवलं. एक कुस्ती संपता संपेना, दुसरी बघता बघता संपली. दोन्ही अगदी खऱ्या. ज्याला रोज रात्री खेळ लावून पोट भरायचंय, त्याचं यावर कसं भागणार? म्हणून निकाल ठरवला गेला. अमेरिकेतल्या त्या कंपनीनं तर 1989 साली न्यू जर्सी राज्यात सरकारपुढं कबूलच केलं की ही करमणूक आहे, हिला खेळाचे नियम आणि कर लावू नका.

एवढं उघड झाल्यावर फसवणूक उरली कुठं? पुष्कळ वर्षं माझं उत्तर हेच होतं. आबांनाही मी हेच ऐकवायचो.

तरी आवडीनिवडीत आबांचंच वळण माझ्यात उतरलं. होगन मला पुढं आवडेनासा झाला. तो ताकद दाखवायचा, कान लावून टाळ्या ऐकायचा, कुस्ती थोडी करायचा. 2007 साली आपला खली जगज्जेता झाला तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले, मीही नाचलो. पण मनात ठाऊक होतं की हा पत्त्यावरचा उंचीचा आकडा जिंकलाय. ब्रेट हार्टची गोष्ट वेगळी. आपल्या हातून कुणी जोडीदार जायबंदी झाला नाही, याचा त्याला अभिमान. आबांच्या तालमीतही वस्तादांची पहिली शिकवण तीच होती. "जोडीदार मोडला तर उद्या लढत कुणासंगं करशील?" शत्रू म्हणून समोर उभा केलेल्या माणसाचा मणका आपल्या हातात आहे, आणि तो आपल्या भरवशावर डोळे मिटून पडतोय. एवढा विश्वास सख्ख्या भावाभावांत दिसत नाही.

म्हणून 1997 सालची गोष्ट आबांना लागली. कॅनडात, ब्रेटच्याच देशात, शॉन मायकल्सशी त्याची कुस्ती होती. शेवट कसा करायचा ते ब्रेटशी बोलून ठरलेलं. पण मालकानं आयत्या वेळी घंटा वाजवायला लावली आणि ब्रेट हरला म्हणून जाहीर केलं. त्यानं हार मानलीच नव्हती. मी मित्राकडून ऐकून आलो आणि आबांना सांगितलं. त्यांचा हात तंबाखूवर थांबला.

"म्हंजे ठरल्यालं मोडलं?"

"हां."

"मग ह्ये खोटं झालं बघ."

त्या रात्री आबांनी आपली गोष्ट काढली. घरात ती कुणालाच माहीत नव्हती.

साठच्या दशकातली जत्रा, गाव आमच्यापासून दोन कोसांवर. शेवटची कुस्ती आबांची, जोडीला दुसऱ्या तालमीचा नावाजलेला पैलवान. आदल्या रात्री दोघांच्या माणसांत बोलणं झालं. कुणी कुणाला पाडायचं नाही. तासभर झुंजायचं, बरोबरीत सोडवायची. दोघांचं नाव राहील, पुढच्या जत्रेला हीच जोड जास्त इनामावर लागेल. याला आमच्याकडं नुरा म्हणतात. आबांच्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं. ते हो म्हणाले.

हलगी कडाडली, शड्डू घुमले. दोघं तासभर घामानं निथळत झटले. पंचांनी सोडवली, तेव्हा फड उभा राहिला, फेटे उडाले. आबा अंगाची माती झाडत बाहेर आले, तर वाटेत एक म्हातारी उभी. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "लई झुंजलास रं लेकरा. माजं आठ आणं सार्थकी लागलं."

घरटी वर्गणी होती ती. तिच्याकडं आठ आणे म्हणजे दिवसाची अर्धी मजुरी.

"ती बघायला आली हुती कोण पडतंय," आबा म्हणाले. "आन् आमाला दोगांस्नी ठावं हुतं, कोणच पडणार न्हाई."

आबांनी पैसे परत केले नाहीत. बहिणीचं लग्न झालं. पुढं दोन वर्षं ते लढले, इनामही घेतलं. फक्त त्या गावचा नारळ त्यांनी पुन्हा धरला नाही.

पैलवान आपल्याकडं एकट्याच्या जिवावर घडत नाही. खासबागचं मैदान शाहू महाराजांनी उभं केलं, तालमींना त्यांनी आधार दिला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले, ते लोकांनी जमवून दिलेल्या पैशांवर, आणि कांस्यपदक घेऊन आले. दूध एकाच्या म्हशीचं, तूप दुसऱ्याच्या घरचं, इनाम साऱ्या गावाचं. ज्याच्या अंगात असं सगळ्या गावाचं अन्न आहे, त्यानं गावाला न सांगता निकाल ठरवायचा, ही चोरी. गावाला सांगून ठरवला तर तो खेळ. आबांचा हिशोब मला एवढा तरी कळला.

पण त्या हिशोबात माझंही एक खातं आहे. ते मी पुष्कळ वर्षं उघडलं नव्हतं.

1998 साली अंडरटेकरनं मिक फोलीला सोळा फुटी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं. फोली उठला, परत वर चढला, तर छत तुटून पुन्हा खाली आदळला. त्याचा दात तुटून नाकात गेला होता. मी ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा शेजारच्या पोरांना हाका मारून बोलावलं आणि आम्ही टाळ्या पिटल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात, कॅन्सस सिटीत, ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छताजवळून दोरीनं आखाड्यात उतरत होता. आकडा सुटला. तो खाली कोसळला आणि गेला. त्याला बाहेर नेला आणि उरलेल्या कुस्त्या तशाच पुढं चालू ठेवल्या. मला कळलं तेव्हा मी हळहळलो. आणि पुढच्या आठवड्यात परत टीव्हीसमोर बसलो.

वगातली तलवार लाकडाची असते. इथं जमीन खरी असते. "ते काय, सगळं ठरवूनच असतं" हे वाक्य मी शहाणपणाचं समजत होतो. त्या वाक्यानं माझी एक सोय केली होती. समोरचा माणूस कण्हत असला तरी मला विचारायची गरज उरली नव्हती की त्याला लागलं का. नुऱ्यात पैलवानानं म्हातारीला फसवलं होतं. इथं कुणी मला फसवत नव्हतं. मीच बघायचं तेवढं बघत होतो.

आबा गेले. आता जत्रा कमिटीत मी आहे. दोन वर्षांपूर्वी एक जण निरोप घेऊन आला. मोठी जोड मिळवून देतो, तास-पाऊण तास रंगवून लढतील, शेवटी बरोबरी, कुणाचं काही जात नाही. मी म्हणालो, मग तसं हँडबिलावर छापू. तो हसला आणि निघून गेला. त्या साली आम्ही आसपासच्या तालमींतल्या पोरांच्या निकाली कुस्त्या लावल्या. शेवटची कुस्ती दोन मिनिटांत संपली. लोक पँट झाडत उठले. "यंदा फड काय रंगला न्हाई," म्हणत गेले. कमिटीतलेही अजून मला टोमणे मारतात, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. गर्दी नसेल तर पुढच्या साली त्या पोरांना इनाम तरी कुठून द्यायचं?

जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. हरलेला पोरगा हौद्याच्या कडेला मान धरून एकटाच बसला होता. मी उतरून त्याच्यापाशी गेलो आणि विचारलं, "लागलं का रं?"

त्यानं वर बघितलं. म्हणाला, "लागलं थोडं."