रोहितचा दुसरा मुलगा

राकेश रोशन यांच्या चित्रत्रयीतील पहिला 'कोई... मिल गया' २००३ चा, तिसरा 'क्रिश ३' २०१३ चा. या तिसऱ्याने माझा विरस केला. मारामारी फार म्हणून नव्हे, ती तर मुलांना आवडतेच. पहिल्यात मंदबुद्धी रोहितला वर्गात हिणवतात आणि परग्रहावरचा जादू त्याला मित्र मानतो. आमच्या नांदगाव पेठेच्या शाळेतील मागच्या बाकावरच्या पोरालाही तिथे आपले कोणी दिसले. तिसऱ्यातील खलपुरुष 'काल' हा रोहितच्याच अंशापासून प्रयोगाने जन्मलेला. पंगू निघाला म्हणून अनाथाश्रमात दिलेला. त्याच्या दुष्कृत्यांना शासन हवेच. पण ज्या कथेने आम्हांला रोहित आपला मानायला शिकवले, तिने या मुलाकडे पाठ का फिरवावी? रोहितच्या अस्थिमज्जेने तो पायांवर उभा राहतो, आणि मग मारला जातो.