अवकाळी कशाला म्हणायचं?

मार्चमध्ये धावड्यावर आभाळ भरून आलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: अवकाळी. भोकरदन तालुक्यातलं हे गाव, मका-कापूस-मिरचीचा पट्टा. इथे जूनमध्ये ज्या पावसाची माणसं वाट बघतात, तोच पाऊस मार्चमध्ये उभा गहू आडवा करतो. पाणी तेच. खाली काय उभं आहे, त्यावरून तो अवकाळी ठरतो.

शेतकरी स्वतःही कधी वेळेच्या आधी धावतो. पाऊस पडण्याआधीच कोरड्या मातीत बी टाकतो, तिला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे निघतं, नाही आला तर दुबार पेरणी. पण बियाणं त्याचं, धोका त्याचा, निर्णयही त्याचाच.

म्हणजे 'फार लवकर' हा फक्त कॅलेंडरचा प्रश्न नाही. त्या लवकरची किंमत कोण मोजतं, हा खरा प्रश्न आहे.

आता सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न बघा. त्याला कुणी अवकाळी म्हणत नाही. 'उजवून टाकली', 'वेळेत उरकलं' म्हणतात. आईबाप दुष्ट नसतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघायचं, तर वयात आलेली पोर घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? भीती खरी आहे. पण तीच मुलगी बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला शिकायला जाते म्हणाली, की उत्तर येतं: 'एवढ्यात कशाला?'

हे उत्तर जुनं आहे. १८९० मध्ये कलकत्त्यात फूलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. संमतिवयाची मर्यादा तेव्हा दहा होती, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा टिकू शकला नाही. १८९१ मध्ये ही मर्यादा बारा करणारा कायदा आला, तेव्हा टिळकांनी त्याला विरोध केला. परक्या सरकारने यात पडू नये, समाज शिक्षणातून हळूहळू सुधारेल, असं त्यांचं म्हणणं होतं. परकीय सत्तेबद्दलचा संशय समजण्यासारखा आहे. पण 'हळूहळू'ची किंमत टिळक मोजणार नव्हते, कुठलाच पुढारी मोजणार नव्हता. ती दहा वर्षांची मुलगी मोजणार होती. मुलींचं लग्नाचं वय कायद्याने अठरा व्हायला १९७८ उजाडलं.

कायदा लवकर आला म्हणून ओरडणाऱ्यांना लग्न लवकर झालेलं दिसत नव्हतं. आपल्यालाही दरवेळी दिसतंच असं नाही.

अवकाळी पाऊस झाला की तलाठी बांधावर येतो, पंचनामा होतो, आडवं पडलेलं पीक मोजलं जातं. लवकर उरकलेल्या लग्नात काय आडवं झालं, ते मोजायला कुणी येत नाही. निदान त्याला अवकाळी म्हणायला तरी सुरुवात करू.